तातडीची जागा

"स्टोअरकीपर पाहिजे. तातडीने." ही तातडी गेलं दीड वर्ष चालू होती. दर महिन्याच्या एक तारखेला तीच जाहिरात आणि तोच फोन नंबर, जो कुणी उचलत नाही. मी चार वेळा अर्ज केला. समोरून हूं नाही की चूं नाही.

अकरा वर्षं मी गोदाम सांभाळलंय. आमची कंपनी बंद पडली आणि मी ताईकडे राहायला आले. भाऊजी मनाने चांगले, पण जीभ तिखट. "साहेबीणबाई, सोमवारपर्यंत नोकरी नाही लागली तर आमच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं," असं त्यांनी सगळ्यांसमोर माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. नात्यातल्या उपकाराखाली राबायचं माझ्या अगदी जिवावर आलं होतं. म्हणून शुक्रवारी सकाळी जाहिरात हातात घेऊन मी थेट त्या खोक्यांच्या कारखान्यावर जाऊन धडकले.

"साहेबांनी बोलावलंय," असं वॉचमनला ठोकून दिलं आणि गोदाम गाठलं. पुठ्ठ्याच्या थप्प्यांमध्ये एक काका वहीत डोकं खुपसून आवक-जावक लिहीत होते.

"स्टोअरकीपर कुठे भेटतील?"

"मीच की."

"मग ही जाहिरात कसली?"

काकांनी कागद डोळ्यांजवळ धरून वाचला. मग खणातून अर्जांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. सगळ्यात वर माझा फोटो.

"दर महिन्याला साहेब हे माझ्यासमोर आपटतात. म्हणतात, बघा, बाहेर रांग लागलीय. दीड वर्षात मी एक सुट्टी मागितली नाही, बाई. मोतीबिंदूचं ऑपरेशनसुद्धा पुढे ढकललंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी जीव ओतून एकेक ओळ लिहिली होती, आणि या साहेबाने त्या अर्जाची काठी करून एका म्हाताऱ्यावर उगारली होती.

तेवढ्यात साहेबच आत आले. त्यांनी फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"बरं झालं आलात. सोमवारपासून या. यांना नाहीतरी आता नीट दिसत नाही."

हे काकांच्या तोंडावर. काकांनी पेनाला टोपण लावलं आणि ते गुपचूप उठून उभे राहिले.

खोटं कशाला बोलू? मला ती नोकरी हवी होती. त्या रिकाम्या खुर्चीकडे मी पाहिलंसुद्धा.

"जागा रिकामी आहे का?" मी विचारलं.

"करतो ना रिकामी."

"म्हणजे नाहीये." मी अख्खा गठ्ठा उचलून पिशवीत कोंबला. "यात सगळ्यांचे नंबर आहेत. एकेकाला फोन करून सांगते, इथे जागा नाही म्हणून."

"ओ बाई, ते कागद कंपनीचे आहेत!"

"लिहिलेत आम्ही. या, घ्या काढून."

साहेब जागचे हलले नाहीत. मी काकांकडे वळले.

"काका, बसा तुम्ही. आणि ऑपरेशनची तारीख घ्या. बाहेर रांगबिंग काही नाही. मी एकटीच आले होते."

फाटकाबाहेर पडले तोच भाऊजींचा फोन.

"काय साहेबीणबाई, लागली का नोकरी?"

"लागली होती. घेतली नाही." मी आवाज चढाच ठेवला. "सोमवारी दुकानात येते. आधी सांगा, गल्ल्यावर आत्ता कोण बसतं?"

"मीच बसतो. का गं?"

"मग हरकत नाही. तुम्हाला उठवायला मला काही वाटणार नाही."