नऊ ऑक्टोबरची नेल

नेलआजींच्या संडासात माझं नाव लिहिलेलं आहे, हे आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिला वाटलं, माझं कुणाशी तरी वाजलंय. इथे हॉलंडमध्ये, आमच्या न्यूनेन गावात, घरोघरी ही पद्धत आहे. संडासाच्या भिंतीवर वाढदिवसांचं कॅलेंडर टांगायचं. त्यात वार नाहीत, साल नाही, फक्त तारखा आणि नावं. शेजारी राहायला आलो त्या वर्षीच आजींनी त्यात 'मीनल' लिहिलं आणि मी त्यांच्या घरातली झाले. चांभारचौकशा हा माझा जन्मजात रोग, त्यामुळे तिथे गेले की मी बाराही पानं उलटून यायचे. मे महिन्यात एक 'तोन' होता. हा कोण, असं विचारलं, तर "भाऊ. अमेरिका," एवढंच म्हणून आजींनी कॉफी ओतली.

दोन हजार एकवीसच्या मार्चमध्ये तो तोन वारला. कोविडनं नव्हे, नव्वदीचा होऊन, विस्कॉन्सिनमध्ये, स्वतःच्या गोठ्याशेजारच्या घरात. तिकडे छापून आलेली निधनवार्ता गावातल्या कुणा लांबच्या नातेवाइकानं आजींच्या दारातून आत सरकवली होती. आजींना इंग्रजी येत नाही. दीड मीटर अंतराचे दिवस होते, म्हणून त्यांनी कागद काठीच्या टोकाला चिमट्यानं लावला आणि कुंपणावरून माझ्याकडे सरकवला.

मी वाचत गेले आणि माझ्या मोडक्यातोडक्या डचमध्ये सांगत गेले. साठ वर्षं दुधाचा धंदा. चर्चच्या जेवणांना पोतंभर बटाटे एकट्यानं सोलणारा, कुणाचाही ट्रॅक्टर फुकट दुरुस्त करून देणारा आणि पत्त्यांत नातवंडांशीसुद्धा लबाडी करणारा माणूस. मग कुटुंब: बायको, पाच मुलं, सुना, जावई, चौदा नातवंडं. आजी कुंपण धरून उभ्या होत्या. "आणि?" त्यांनी विचारलं.

आणि काहीच नव्हतं. आपल्याकडे 'त्यांच्या पश्चात असा परिवार आहे' म्हणताना चुलत पुतणेसुद्धा सुटत नाहीत. सख्खी बहीण गाळली तर तेराव्याला भांडणं होतील. माझी जीभ सवयीनं पुढे धावली. "आणि हॉलंडमधली लाडकी बहीण नेल," मी सांगून टाकलं.

आजींनी कागद मागून घेतला आणि बराच वेळ तो नुसता बघितला. मग म्हणाल्या, त्या नातेवाइकानं कळवलंय, शनिवारी झूमवर तिकडचे सगळे त्याच्या आठवणी सांगणार आहेत, तेवढं लावून देशील का?

तिकडच्या एकाही माणसाला या बहिणीचा पत्ता नव्हता. शिरीषनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भोग आता आपल्या कर्माची फळं."

शनिवारी पाच वाजता कुंपणालगत टेबल टाकून मी लॅपटॉप ठेवला. पलीकडे आजी मांडीवर ब्लँकेट घेऊन बसल्या. सुरू व्हायच्या आत मी खरं काय ते सांगून मोकळी झाले.

"माझं नाव मला वाचता येतं, मीनल," त्या म्हणाल्या. "ते तिथे नव्हतं."

मग पहिल्यांदाच त्यांनी सगळं सांगितलं. चोपन्न साली तोन बोटीनं निघाला तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली होती. सतरा वर्षांची नेल इतकी चिडली की निरोप द्यायला दाराशीसुद्धा आली नाही. त्याची पत्रं तिनं न फोडता चुलीत घातली. तिसऱ्या वर्षी पत्रं यायची थांबली. "मुलांना त्यानं माझं नाव सांगितलं नाही, ते समजलं," आजी म्हणाल्या. "पण तो स्वतः विसरला होता का? मला तेवढंच बघायचंय."

झूमवर एकेक जण बोलत होता आणि मी भाषांतर करत होते. बटाटे झाले, ट्रॅक्टर झाले, पत्त्यांतली लबाडी झाली. पाऊण तास होऊन गेला तरी बहिणीचं नाव नाही. आजींचे हात ब्लँकेटखाली गेले. मला त्या अख्ख्या विस्कॉन्सिनचा राग आला.

शेवटी एमिली नावाची नात बोलायला आली. आजोबांच्या संडासात एक विचित्र कॅलेंडर होतं, असं ती म्हणाली, आणि मी ताठ बसले. फाटलं की ते नवं आणून सगळी नावं परत उतरवून काढायचे. नऊ ऑक्टोबरला एक 'नेल' होती. त्या दिवशी दरवर्षी घरात खुर्च्या गोल मांडून केक कापायचा. कोण ही, असं विचारलं की आजोबा म्हणायचे, केक खा. "आम्हाला वाटायचं, ही त्यांची एखादी जुनी गाय असणार," एमिली म्हणाली. सगळे हसले.

मी जसंच्या तसं डचमध्ये सांगितलं. गायसुद्धा गाळली नाही. आजींनी माईक चालू करायची खूण केली.

"मी नेल," त्या डचमध्येच म्हणाल्या. "त्याची बहीण." मी ते इंग्रजीत सांगितलं, आणि पडद्यावरच्या चौकोनांतले सगळे चेहरे एकदम जवळ सरकले. आजी पुढे म्हणाल्या, "आणि नऊ नाही, अकरा. तोनला तारखा कधीच लक्षात राहिल्या नाहीत."

त्या ऑक्टोबरात नियम बरेच सैल झाले होते. अकरा तारखेसाठी मी केक सांगून ठेवला होता. पण नऊलाच दुपारी आजींनी बेल वाजवली. खुर्च्या मांडल्या आहेत, दोघं या, असं म्हणाल्या. वाढदिवस परवा आहे ना, मी विचारलं.

"जन्मले मी अकराला," आजी म्हणाल्या. "पण वाढदिवस इतकी वर्षं नऊला होतोय. आता कशाला बदलायचा?"