न केलेली आंघोळ

त्या पदयात्रेला यायला श्यामला तयार झाली ती केवळ यतीनचं, म्हणजे नवऱ्याचं, तोंड बंद व्हावं म्हणून. घोषणा नाहीत, मागण्या नाहीत. परक्या देशात शिरताना सरहद्दीवर जे मेले, कुणी वाळवंटात, कुणी बर्फात, कुणी बोटीत, त्यांच्या आठवणीसाठी ऑकलंडमधल्या माउंट रॉस्किलच्या कम्युनिटी हॉलपासून निघून हिल्सबरोचा उतार उतरत खाडीपर्यंत जायचं, एवढंच. चर्चच्या बायका होत्या, सीरियातून आलेली कुटुंबं होती, सोमाली आज्या होत्या. मराठी माणसं म्हणाल तर ही दोघंच.

बाकीच्यांनी आपलं मत मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधीच देऊन टाकलं होतं. अल्बनीच्या सुशीलने लिहिलं, "आपण सगळे प्रॉपर पेपर्स करून आलोय यार. इल्लीगल लोकांसाठी आपण का चालायचं?" त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. श्यामलानेही एक अंगठा दिला, उगाच कुणाच्या डोळ्यावर यायला नको म्हणून. सुशील तसा माणूस वाईट नाही. कुणी घर बदललं की न बोलावता ट्रेलर घेऊन हजर होतो. पण ज्याला जगात कुणी दारातून परत पाठवलेलं नसतं, त्याला दारं सगळ्यांसाठी उघडीच आहेत असं वाटतं.

श्यामलाचा धाकटा भाऊ त्या इल्लीगल लोकांतलाच. नाव सुयश, आणि व्हिसा दर वेळी नाकारलेला. शेवटी एका एजंटच्या नादी लागून तो कुठकुठल्या देशांतून फिरत मेक्सिकोपर्यंत पोचला, आणि अमेरिकेच्या सरहद्दीवरच्या वाळवंटात एका झुडपाच्या सावलीला बसला तो उठलाच नाही. गेल्या गणपतीत त्याच्याबरोबरच्या एका गुजराती मुलाने श्यामलाला फोन करून हे सांगितलं. "दीदी, वो बैठ गया. हम लोग रुक नहीं सके." ती तेव्हा क्लिनिकच्या रिसेप्शनवर ड्युटीवर होती. तिने त्याला थँक यू म्हटलं, फोन ठेवला आणि समोरच्या पेशंटला जन्मतारीख विचारली.

संगमनेरला आईच्या कानावर तिने यातलं काही जाऊ दिलं नाही. सुयश पकडला गेलाय, कॅम्पात आहे, तिथे फोन देत नाहीत, वकील मला निरोप देतो, असं सांगून ठेवलं. दर रविवारी आईचा पहिला प्रश्न ठरलेला: जेवायला काय देतात? श्यामलाने एकदा सांगितलं, राजमा आणि भात. आई हवालदिल. राजम्याने त्याचं पोट बिघडतं ना गं! पुढच्या रविवारी श्यामलाने राजमा बंद करून अंडी सुरू केली. मेलेल्या भावाच्या जेवणाची व्यवस्था ती ऑकलंडमधून बघत होती, आणि त्याचं तिला काही वाटतही नव्हतं. दात काढायच्या आधी सुई टोचली की गाल जसा आपला राहत नाही, तसं तिचं सगळंच झालं होतं.

यतीन सांगून सांगून थकला होता. "तू सांग, नाहीतर मी सांगतो," असं तो म्हणायचा. तो सांगणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. असली बातमी जावयाच्या तोंडून जात नाही.

हॉलच्या दाराशी काठ्यांना लावलेल्या पुठ्ठ्याच्या पांढऱ्या पाट्या मांडल्या होत्या. बऱ्याच पाट्यांवर मेलेल्यांची नावं होती, काही कोऱ्या ठेवल्या होत्या, शेजारी मार्कर. पाट्या देणाऱ्या मुलीने हळूच विचारलं, तुमचं कुणी आहे का यात?

"नो, नो. जस्ट सपोर्टिंग," श्यामला म्हणाली.

यतीनने मान दुसरीकडे वळवली. श्यामलाने 'अननोन' असं लिहिलेली एक पाटी उचलली. तसल्या पाट्या ढिगाने होत्या.

मग सगळे चालायला लागले. वारा बोचरा होता. डेअरीचा, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचा, मालक काउंटर सोडून फुटपाथवर येऊन उभा राहिला. पुढे कुणीतरी एकेक नाव मोठ्याने घेत होतं आणि मागचे सगळे तेच नाव पुन्हा म्हणत होते. श्यामलाही म्हणत होती. अफगाण नावं, हैतीची नावं, जिभेला न वळणारी नावं तिने न अडखळता म्हटली. पुढे चाललेली एक बाई हमसून हमसून रडत होती आणि तिच्या मुलीने तिला कमरेला धरलं होतं. श्यामलाला तिची दया नाही आली, हेवा वाटला. यतीनने मध्येच विचारलं, "ठीक आहेस ना?" ती म्हणाली, "सॉक्स पातळ घातलेत मी."

खाडीपाशी सगळ्यांनी पाट्या गवतात रोवल्या. प्रार्थना झाली, गाणं झालं, लोक परतायला लागले. बाहेर पडायच्या फाटकाशी एक वयस्क माओरी बाई उभी होती. सगळे तिला नॅनी, म्हणजे आजी, म्हणत होते. तिच्या हातात आइस्क्रीमचा रिकामा डबा होता आणि त्यात पाणी. पुढचे लोक काय करताहेत ते गर्दीत नीट दिसत नव्हतं. यतीनचा नंबर आला तसा त्याने पुण्याच्या मुलाने जे करावं तेच केलं. उजव्या हाताचा खळगा करून त्याखाली डावा हात धरला, पाणी घेतलं, भक्तिभावाने पिऊन टाकलं आणि ओला हात केसांना पुसला.

नॅनी मोठ्याने हसली. "प्यायचं नव्हतं रे ते, डार्लिंग. नळाचंच आहे, काही होणार नाही तुला."

"सॉरी, सॉरी," यतीन कानापर्यंत लाल होऊन हसला. "आमच्या देवळात असंच पाणी देतात. मला वाटलं..."

"हे अंगावर शिंपडायचं," नॅनी म्हणाली. "कबरस्तानातून निघताना आम्ही करतो. इतका वेळ तुम्ही मेलेल्यांच्या सोबत होतात ना? आता त्यांनी त्यांच्या वाटेने जायचं, तुम्ही तुमच्या घरी."

यतीनचं हसू मावळलं. त्याने श्यामलाकडे पाहिलं.

श्यामला-यतीनच्या घरांतही हेच होतं, फक्त डबाभर पाण्यात भागत नव्हतं. माणूस गेल्याचं कानावर आलं की असाल तिथे उठायचं आणि डोक्यावरून आंघोळ करायची. श्यामलाच्या लहानपणी गावाहून असा फोन आला की पलीकडचा माणूस 'गेले' म्हणायचाच नाही. 'आंघोळ करा' एवढंच म्हणायचा, आणि घर समजून जायचं. ती आंघोळ श्यामलाने केली नव्हती. रोजच्या आंघोळी झाल्या, केस धुतले, पोहायलासुद्धा जाऊन आली. पण सुयशच्या नावाचा तांब्या तिने डोक्यावर घेतला नाही. तो घेतला की भाऊ मेला. वाळवंटात नाही, माउंट रॉस्किलच्या भाड्याच्या घरात, तिच्या हातून.

मागे लोक खोळंबले होते. श्यामलाने डब्यात हात घातला नाही.

"माझा भाऊ," ती म्हणाली. "मी अजून हे केलेलं नाही."

"नाव काय त्याचं?" नॅनीने विचारलं.

"सुयश."

"सूयाश," नॅनी म्हणाली. श्यामलाने मान खाली घातली, नॅनीने डबा उचलला आणि सगळं पाणी तिच्या डोक्यावर रितं केलं. गार पाणी मानेवरून जॅकेटच्या आत गेलं. आता ही रडेल म्हणून यतीन पुढे सरकला. ती रडली नाही. तिने ओल्या हातानेच खिशातून फोन काढला आणि गवताच्या कडेला जाऊन उभी राहिली.

तिकडे सकाळ होती. आईने लगेच उचलला. "अगं, आज शनिवार ना? आज कसा फोन केलास? वकिलाचा काही निरोप?"

इतक्या महिन्यांत श्यामलाने मनाशी कितीतरी वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही आलं नाही.

"आई, आंघोळ कर."

पलीकडे गॅसचं बटण बंद केल्याचा खटका ऐकू आला.

"डोक्यावरून?"

"हो."

कोण गेलं, ते आईने विचारलं नाही. कुकरची एक शिट्टी झाली, उरलेली वाफ फुसफुसत राहिली.

"बरं," आई म्हणाली. "तू फोन ठेवू नकोस. मी न्हाणीत घेऊन जाते."

मग चपला ओढत चालल्याचा आवाज आला. नळ सुटला, बादली भरत आली, नळ बंद झाला. श्यामला फोन कानाला घट्ट लावून उभी राहिली. पहिला तांब्या ओतल्याचा आवाज झाला, आणि त्या पाण्याबरोबर आई त्याला हाक मारताना ऐकू आली.