मावशीकडचा चहा

जॉर्डनमधल्या आमच्या झातारीच्या निर्वासित छावणीत काही फुकट मिळालं की मला आधी संशय येतो. या वेळी रंग फुकट होते. ट्यूनिसहून उल्फा नावाची बाई आली होती. मुलांना रंग कालवायला, ब्रश धरायला शिकवायची आणि आमच्या पत्र्याच्या खोल्यांच्या भिंती त्यांच्याकडून रंगवून घ्यायची. विषय काय, तर 'आपलं माणूस राहतं ते घर'. चित्र झालं की लगेच मोबाइलवर फोटो. कोण कुठे राहतं, हे हिला कशाला हवं?

"अगं, पोरं रमतात," शेजारची गियासची आई म्हणाली. तिचाही मला भरवसा नव्हता. गियास लेबनॉनला कामाला असतो म्हणे, पण त्याचा फोन आलेला कधी ऐकला नाही. वर मलाच खोदून विचारायची, "लुजैनचा बाप असतो तरी कुठे?"

"तुर्कस्तानात," मी ठोकून द्यायची. खरं तर माझ्या नवऱ्याला, नवाफला, सीरियातल्या दरआमधल्या घरातून सरकारी माणसांनी उचलून नेलं, तेव्हा लुजैन पोटात होती. आम्ही सीरियावाले तुरुंग हा शब्द तोंडातून काढत नाही. 'मावशीकडे गेलाय' म्हणतो, ऐकणारा काय ते समजतो. लुजैनलाही मी तेवढंच सांगत आले. इथलं बोलणं तिकडे पोचवणारे कमी नाहीत. बायको बोंबलतेय असं कळलं, तर आत त्याचे हाल कुत्रा खाणार नाही.

त्या दुपारी पाणी भरून येत होते. बघते तर आमच्याच भिंतीवर हातभर अक्षरं: 'बाबा मावशीच्या घरी'. पाण्याचे कॅन तिथेच टाकून मी उल्फाकडे धावले.

"काय काय विचारलंत माझ्या पोरीला? कोणाला पाठवणार हा फोटो?"

उल्फा गांगरली. "मावशीच्या घराचं एवढं काय, ताई? आमच्याकडे सगळेच जातात."

मी पांढऱ्या रंगात ब्रश बुडवला. लुजैन आडवी आली.

"आई, नको ना! मावशीचं तोंड राहिलंय अजून. ती दिसते कशी, तू कधी सांगितलंच नाहीस."

भिंतीवर लिंबाचं झाड, निळे पडदे. बाबा लोडाला टेकून चहा पितोय. दाराला कडी नाही. माझा हातच उचलेना.

मागे वळले तर गियासची आई उभी. झालं, आता छावणीभर होणार! पण तिने जवळ येऊन अक्षरं वाचली. मग तिने डोक्यावरच्या रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं.

"लुजैन, पोरी, आणखी एक पेला काढ," ती म्हणाली. "आमचा गियासपण याच मावशीकडे आहे गं."

मी अक्षरांवर तेवढा पांढऱ्या रंगाचा हात फिरवला आणि बाजूला झाले.

"साखर किती?" लुजैनने विचारलं.

"तीन चमचे," गियासची आई म्हणाली. "आणि त्याला दाराजवळ बसव."