चारदा कापलेला बुंधा

मी एक जुना बुंधा आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. बुंधा म्हणजे मेलेले झाड असे तुम्हाला वाटत असेल, तर आधी माझे ऐका आणि मग बोला. मला आजवर चारदा कापले आहे आणि मी अजून इथेच आहे.

चौतीस वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या या टेकडीवर एस्टेल आणि तिचा नवरा आर्मांड यांनी मला लावले. सगळे शेत फर नावाच्या सूचिपर्णी झाडांचे, खास नाताळात घरात सजवण्यासाठी. लोक येत, हिंडून हवे ते झाड निवडत, स्वतःच्या हाताने कापत आणि गाडीच्या टपावर बांधून नेत. नवव्या वर्षी माझी पाळी आली. गिऱ्हाईक जमिनीलगत करवत लावणार, तोच आर्मांड म्हणाला, "हात वर घ्या. इथे खाली कापत नाहीत. खालच्या फांद्या सोडा." गिऱ्हाइकाला वाटले, म्हातारा वीतभर लाकडासाठी जीव टाकतोय. पण त्या फांद्यांनीच मला जगवले. त्यांतली एक हळूहळू वर वळली आणि आठ वर्षांत तिचे झाड झाले. ते नेले, तर दुसरे उठले. कौतुक मात्र नेहमी नेलेल्या झाडाचे झाले. माझ्यावर लोक बुटांचा बर्फ झटकत.

पुढे आर्मांड वारला. एस्टेलचे गुडघे धरले. शेत तिचा भाचा ड्वेन पाहू लागला. हाच ड्वेन लहानपणी करवत घेऊन आर्मांडच्या मागे मागे फिरायचा. गेल्या नाताळाआधी तो एस्टेलबरोबर माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "आत्या, सोमवारी मशीन येतंय. जुने बुंधे सगळे उपटून टाकतो. यांची झाडं बुडापासून वाकडी निघतात, कोणी घेत नाही."

"मीही वाकडीच झालेय," एस्टेल म्हणाली. "मला कधी उपटतोस?"

"तू दर वेळी असंच बोलतेस."

"आणि तू दर वेळी ऐकत नाहीस. कर तुला हवं ते."

मला पाय नाहीत, पळणार कुठे? पण खरे सांगतो, मी भ्यालो नाही. मला राग आला. जिवंत असून उपटला जाणार, आणि तेही वाकडा म्हणून!

शनिवारी कोरीन नावाची बाई आली. शाळेची बस चालवणारी, आवाजही बससारखाच.

"दहा मैलांवर राहते मी," ती ड्वेनला म्हणाली, "आणि दर वर्षी झाडासाठी दुसरीकडे दोन तास गाडी हाकत जाते. तुमचं शेत आजच कळलं. रस्त्यावरची पाटी काय झुडपात लपवून ठेवलीय?"

"पाटी जागेवरच आहे. झुडूप वाढलं."

ती सरळ झाडे ओलांडत आली, माझ्यापाशी थांबली आणि माझ्यावर वाढलेल्या झाडाकडे तिने बोट केले. "हे हवं."

"अहो, हे झुकलेलं आहे."

"माझ्या खोलीचं छतही तिरकं आहे. सरळ झाड नेलं की शेंडा मोडतो. कापा तुम्हीच, माझा खांदा धरलाय."

"कापतो की. अगदी मुळापासून कापतो, बुंधा सोमवारी जाणारच आहे."

ड्वेन बर्फात आडवा झाला. करवतीचे दात मला जमिनीलगत गार लागले. मग त्याचा हात थांबला. वर सरकला. खालच्या फांद्या ओलांडून आणखी वर गेला आणि तिथे कापू लागला.

"अहो, मुळापासून म्हणालात ना?"

"इथे खाली कापत नाहीत," ड्वेन म्हणाला.

मग उठून त्याने झाड तिच्या गाडीच्या टपावर बांधले.

कोरीनची गाडी गेल्यावर तो परत आला आणि माझ्या एका फांदीला त्याने लाल फीत बांधली. पुढचे झाड कोणत्या फांदीचे करायचे, त्याची खूण आर्मांड अशीच करायचा. एस्टेल काठी टेकत तिथवर आली.

"मशीनवाल्याला काय सांगशील?"

"ते झुडूप उपट म्हणून सांगतो," ड्वेन म्हणाला. "पाटी दिसत नाही म्हणतात लोक."

मित्रांनो, झाड खुशाल न्या, माझी ना नाही. पण कापताना हात वर घ्या. दया म्हणून नको, दया मागणाऱ्यांतला मी नाही. माझ्या खालच्या फांद्या तेवढ्या माझ्यापाशी राहू द्या, पुढचे माझे मी बघतो. ती लाल फितीची फांदी या उन्हाळ्यात बोटभर वर वळली आहे.