काठ धरून बसलेला वाळुंज

मी वाळुंज बोलतोय. नाव ऐकलं नसेल तर ओशाळू नका. माझी फुलं कुणी माळत नाही, फळ कुणी खात नाही, मग मला विचारतो कोण? पण पाण्याकाठची माती धरून ठेवावी ती माझ्या मुळांनीच. हे मी जरा घमेंडीनंच सांगतो.

माझा जन्म पंचगंगेकाठच्या एका थोरल्या वाळुंजावर, त्याची एक फांदी म्हणून झाला. कोल्हापुरातल्या या तळ्याच्या बागेत मला तोडून आणलं वर्षाराणीनं. बागेची देखरेख तिच्याकडे असते. तळ्याला चहूबाजूंनी सिमेंटची उभी भिंत होती. दिसायला चकाचक, पण बेडकाला वर चढता येईना आणि पाणकोंबडीला अंडी घालायला आडोसा मिळेना. वर्षाराणीनं महापालिकेतल्या साहेबांचा पिच्छा पुरवून एका बाजूची भिंत काढायला लावली, मातीचा उतार केला आणि त्यात आम्हाला रोवलं. मी, माझी भावंडं, लव्हाळी आणि पाणकणीस. साहेबांनी मात्र बजावलं, की पावसाळ्यात काठ ढासळला तर भिंत पुन्हा बांधणार.

आम्ही कामाला लागलो. मला मुळं फुटली, दोन पालव्या आल्या. आणि एका रविवारी शेजारच्या तालमीची मंडळी श्रमदानाला आली. पुढे पृथ्वीराज, तालमीचा म्होरक्या. स्वच्छ तळं म्हणजे काठावर गवताची काडी नको, हा त्यांचा हिशेब. हलगीच्या तालावर त्यांनी आम्हाला मुळासकट उपटलं, ढीग घातला आणि ढिगापुढे उभं राहून फोटोही काढला. मला संताप आला, पण त्यांच्या मनात पाप नव्हतं, त्यामुळे शिव्याही देववेनात.

वर्षाराणी आली आणि ढिगापाशी मटकन बसली. मला वाटलं, आता रडणार. ती उठली आणि तिनं ओढणी कमरेला खोचली.

"कचरा काढलाय की, ताई," पृथ्वीराज म्हणाला.

"कचरा न्हाय. तळ्याचा काठ उपटलाईस तू. ऊन चढायच्या आत परत लावायचा."

तो आधी हुज्जत घालू लागला. यात साप होतील, डास होतील. डास खाणारे बेडूक याच गचपणात राहतात, असं तिनं सांगितलं. त्याला ते फारसं पटलं नाही. पण चूक झाली तर ती अंगमेहनतीनं फेडायची, ही तालमीची रीत. तो गुडघाभर चिखलात उतरला, त्याच्यामागे सगळे उतरले. वाचलो तेवढे पुन्हा रोवले गेलो. बाकीचे सुकून गेले, त्यांची जागा मोकळीच राहिली.

मग पावसाळा आला, तळ्याचं पाणी चढलं. मी अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून माती आवळून धरली. लव्हाळी आडवी झाली, सुटली नाहीत. ढासळला तो फक्त मोकळा राहिलेला तुकडा. पण ढासळला तो ढासळलाच. पाणी ओसरल्यावर जेसीबी आला.

वर्षाराणी साहेबांना समजावत होती, साहेब नकारार्थी मान हलवत होते. तेवढ्यात पृथ्वीराज येऊन जेसीबीसमोर मांडी घालून बसला.

"आधी मला उपटा," तो म्हणाला, "मग ह्या काठाला."

जेसीबी परत गेला. आम्हाला पुढच्या पावसाळ्यापर्यंत मुदत मिळाली आहे. मोकळ्या तुकड्यात नवी रोपं बसली आहेत. माझी अजून कुणाला सावली नाही, दिसायलाही मी काटकुळाच आहे. पण पावणं, पाण्याजवळ जायचं तर पायवाटेनं जा, आमच्यातून नको. तेवढं तुम्ही करा. काठ काही मी सोडत नाही.