मधली चार बोटं

थोरलीने पंजा ठोकला आणि उचललाच नाही. त्याचे लोखंडी दात उभ्या धाग्यांत तसेच रुतवून ती बसून राहिली. शेजारी, मागासमोर बसायच्या त्याच फळीवर, धाकटीचाही पंजा थांबला.

"अगं, माशी मारतेस की गालिचा ठोकतेस?"

"ठोकतेय की, ताई."

"हे ठोकणं? पूर्वी तुझा पंजा पडला की समोरच्या घरातल्यांच्या कपातला चहा सांडायचा."

"ते लोक घर सोडून गेले. आता कुणाचा सांडायचा?"

थोरलीला हसू आलं, पण हसताना खांदा दुखला. तो तिने डाव्या हाताने दाबून धरला आणि समोर टाचलेल्या नक्शाच्या कागदावर पुन्हा बोट ठेवलं. "दोन तांबडे, एक काळा, पाच बदामी."

दोघी एकमेकींच्या जावा. चाळीस वर्षं याच फळीवर बसत आल्या होत्या. थोरलीने रंग वाचायचे, दोघींनी आपापल्या अर्ध्या भागात गाठी मारायच्या, ओळ पुरी झाली की आडवा धागा ओवून पंजे ठोकायचे. वीतभर झालं की जागांची अदलाबदल. हा नियम सासूने घालून दिला होता. कुठला भाग कुणाच्या हातचा हे गालिच्यालासुद्धा कळता कामा नये, असं ती म्हणायची.

सासूची सासू या घरात नुसत्या पट्ट्यांच्या सतरंज्या विणायची. निळा पट्टा, पांढरा पट्टा, संपलं. सासूच्या काळात गाठींचे गालिचे आले आणि त्यांच्यावर हरणं पळायला लागली, मागे घोडेस्वार. थोरली नवी नवरी होती तेव्हा शेवटचं हरीण विणलं गेलं. त्याचा एक पाय तिने चुकवला होता, आणि सासू तो उसवताना अख्खी दुपार बोलली नव्हती. मग वेली आल्या, वेलींमधून सुरया, सुरयांमधून फुलं. आता लोकांना फिकट रंग हवेत आणि फुलं मोजकीच. माग मात्र तोच होता. थोरलीला कधीकधी वाटायचं, या लाकडालाच विचारावं, तू दमला नाहीस का?

मागचा गालिचा उतरला तेव्हा भिंगवाला बराच वेळ घुटमळला होता. दुकानाच्या वतीने तयार माल तपासायला तो यायचा, गालिचा उलटा करून भिंगाखाली ओळी मोजायचा. त्याचं खरं नाव दोघींनाही कधी कळलं नव्हतं.

"कडा सरळ, नक्शा बिनचूक," तो म्हणाला होता. "पण अंग पोकळ आहे. तुमच्या घरच्या मालात बोटभर उंचीत अकरा ओळी असतात. इथे आठ. दोघींपैकी एकीचा हात सैल पडलाय."

"कुणाचा?"

"तुम्ही जागा बदलता, मला कसं कळणार? तुम्हीच शोधा. पुढचाही असाच निघाला तर तिच्या जागी दुसरी बसवावी लागेल. एक मुलगी शिकून तयार आहे."

थोरलीला शोधावं लागलं नाही. लेक सासरी गेल्यापासून धाकटीचं मन लागत नव्हतं, हे तिला दिसत होतं. तिची ओळ खाली बसत नाही, मग आपली तरी कशी बसणार? आडवा धागा एकच. धाकटीची जागा वाचवायची तर बोलायलाच हवं होतं. म्हणून ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलत राहायची, आणि बोलून बोलून तिचं तोंडही खांद्याइतकंच दुखायचं.

गालिचा निम्मा झाला असताना थोरलीचा भाऊ वारला. ती चार दिवस भावजयीपाशी राहून आली. घरात शिरताच चप्पल काढण्याआधी तिने मागाकडे पाहिलं.

"चारच बोटं?"

"एकटी होते ना, ताई."

"एकटी म्हणून निम्मं धरलं तरी सहा व्हायला हवी होती. दिवसभर करत काय होतीस?"

धाकटीने पाण्याचा पेला पुढे केला. "आधी बसा. भावजय कशी आहे?"

थोरली बसली, आणि मग कितीतरी वेळ भावाबद्दल बोलत राहिली. गालिच्याचं तेवढ्यावरच राहिलं.

शेवटची ओळ झाली. गालिचा कापून उतरवला आणि भिंगवाल्याने तो जमिनीवर उलटा पसरला. तो गुडघे टेकून सरकत होता, भिंग ठेवत होता.

"आठ," तो म्हणाला. जरा पुढे जाऊन, "इथेही आठ."

धाकटी भिंतीला टेकून बाहीवरचे लोकरीचे तंतू वेचत होती. थोरली खाली बसली. जुनी सवय म्हणून तिची बोटं गालिच्याच्या पाठीवरून फिरत गेली. जुन्या गोधडीसारखी मऊ पाठ होती. मग बोटं अडखळली. एक पट्टा या कडेपासून त्या कडेपर्यंत फळीसारखा टणक होता. त्याच्यापुढे पुन्हा मऊ. तिने आडवा हात ठेवून पाहिला. बरोबर चार बोटं.

भिंगवाला तिथे पोचला. त्याचे ओठ हलले. त्याने पुन्हा मोजलं.

"अकरा!" त्याने वर पाहिलं. "हा तुमच्या घरचा हात, ताई. डोळे मिटून ओळखेन मी. मग सगळाच असा का नाही?"

थोरली काही बोलायच्या आत भिंतीकडून आवाज आला. "मी तापाने पडले होते. ते चार दिवस ताई एकट्याच बसल्या होत्या."

"मग झालं की." भिंगवाल्याने भिंग मिटलं. "शोधायचं काही उरलंच नाही. त्या मुलीला या धाकट्या बाईंच्या जागी..."

थोरलीचा तळवा अजून त्या पट्ट्यावर होता. ती धाकटीकडे पाहत होती. धाकटीला बाहीवर एकाएकी पुष्कळ तंतू दिसायला लागले होते.

"तिला ताप नव्हता," थोरली म्हणाली. "माझा भाऊ वारला होता. मी घरात नव्हते."

भिंगवाल्याने एकीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं. मग त्याने भिंग खिशात टाकलं आणि गालिचा गुंडाळायला घेतला. दारात जाऊन त्याने एवढंच विचारलं, "मुलीला कधी पाठवू?"

"पाठवा आठवड्याने."

तो गेल्यावर खोली मोठी वाटायला लागली. रिकामा माग मध्ये उभा होता.

"कधीपासून?" थोरलीने विचारलं.

"मागच्या गालिच्यापासून." धाकटी जमिनीवरच्या धाग्यांचे तुकडे गोळा करू लागली. "तुमची ओळ खाली बसेना. तुमची बाजू वर आणि माझी खाली, असं कसं चाललं असतं? कड वाकडी दिसली असती."

"आणि मी तुला रोज इतकं बोलत होते."

"बोलायचात मात्र दणक्यात. पंजाचा आवाज गेला होता, तेवढाच घरात आवाज."

उभ्या धाग्यांचा नवा ताणा चढवायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी थोरलीने फळीवरच्या दोन गाद्यांपैकी एक उचलून कोनाड्यात ठेवली. दुसरी बरोबर मध्यावर सरकवली.

"मुलगी आली की तिला शेजारी घे. तोवर मध्ये बस."

"आणि तुम्ही?"

नक्शाचा कागद काढून घेऊन थोरली खिडकीखालच्या स्टुलावर बसली. "वाचायला खांदा लागत नाही."

कडेची साधी वीण झाली. थोरली रंग वाचत गेली, धाकटी गाठी मारत गेली. पहिली ओळ पुरी व्हायला बराच वेळ लागला. धाकटीने आडवा धागा ओवला, पंजा उचलला, आणि तो हवेतच राहिला.

"अगं, मार," थोरली कागदावरून नजर न काढता म्हणाली. "समोर आता कुणी राहत नाही."

पंजा पडला. खिडकीची काच थरथरली.

खांद्याकडे निघालेला हात थोरलीने परत मांडीवर ठेवला आणि पुढची ओळ वाचायला घेतली.