मानाचे धुतलेले टॉवेल

"कोरं नको देजो, सुनंदा. धुईसन देजो. बठ्ठासले. आन पहिला साबेराले."

जिजी हे म्हणाली तेव्हा ती खाटेवर कुशीला वळून पडली होती आणि सुनंदाबाई तिची पाठ पुसत होती. जिजी म्हणजे सुनंदाबाईची सासू, कमलबाई. माहेर पिंपळनेरचं. लग्न होऊन रावेरकडच्या या केळीच्या मुलखात आली, इथेच म्हातारी झाली, पण माहेरच्या अहिराणीतलं 'शे' तिनं जिभेवरून कधी उतरू दिलं नाही. अंगानं थोराड. कमरेखालून लुळी झाली तेव्हा तिला उचलणं हे एकट्या सुनेचं काम उरलं नाही. मग मागच्या गल्लीतली साबेरा यायला लागली, अय्युब गादीवाल्याची बायको. साबेरा खांद्याखाली हात घालायची, सुनंदाबाई पाय धरायची, आणि जिजी अधांतरी असताना म्हणायची, "केळीना घड समजीसन उचला वं! आदळू नका, डाग पडतीन."

दुकानातले टॉवेल जिजीला टोचत. पाठीची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालेली. त्यावर ते चकचकीत धाग्याचं कापड फिरवलं की पाणी नुसतं इकडचं तिकडे जायचं आणि कातडी लाल व्हायची. तेव्हा सुनंदाबाईला कोपऱ्यातलं विणायचं मशीन आठवलं.

ते मशीन तिनं जळगावला शिकून आणलं होतं, स्वेटरसाठी. मे महिन्यात कोंबडीसुद्धा रांजणाखालच्या ओलीत जाऊन बसते, त्या गावात स्वेटर! मोठे दीर अभिमननाना मशीन उतरवलं त्याच दिवशी हसले होते. "कोनाले घालशीन? म्हशीले?" दोन हिवाळे गेले, मशीनवर चादर पडली, आणि नानांचं म्हणणं खरं ठरलं.

आता तिनं त्यावर सूत चढवलं. तर सूत तटातट तुटायला लागलं. वरची गाडी अर्ध्या सुयांवरून सरकली की कट्, आणि विणलेलं सगळं खाली गळून पडायचं. साबेरा गादीचा कापूस अंगावर घेऊनच आलेली होती. ती धागा बोटांत फिरवत म्हणाली, "भाभी, ये ऊन नहीं है, कपास है. ऊन को खींचो तो हँसती है, कपास को खींचो तो रूठती है. पहले थोड़ा मोम चटाओ इसको."

मग धागा मेणबत्तीवरून ओढून घेतला. गाडीची पकड सैल केली. विणीला खाली ओढ हवी म्हणून जुन्या तराजूची मापं दोरीनं लटकवली. कडा पापडासारख्या वळत होत्या, तर एकाआड एक टाका सुईवरच धरून ठेवत विणायचं, असं करून पाहिलं. त्यानं कापडावर मधाच्या पोळ्यासारखी घरं उठली आणि कडा सरळ बसल्या. पहिला टॉवेल उतरला तेव्हा सुनंदाबाईनं तो तसाच नेऊन जिजीच्या पाठीवर फिरवला. पाणी थेंब थेंब होऊन घरंगळलं.

"हाऊ टॉवेल शे का केळनं पान?" जिजी म्हणाली.

साबेरा हसून हसून खाली बसली. मेणच ते, पाणी कसं पिणार? सोडा घातलेल्या कढत पाण्यातून टॉवेल दोनदा काढला, दगडावर आपटला, उन्हात टाकला. तो चांगला वीतभर आटला, पण जाड झाला, मऊ झाला. दुसऱ्या दिवशी पाठीवर ठेवला मात्र, पाणी त्यानं असं ओढून घेतलं की जिजीनं डोळेच मिटले. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "आते टॉवेल झाया."

आणि तेव्हाच तिनं ते सांगितलं होतं, कोरं देऊ नको, सगळ्यांना धुऊन दे, आणि पहिला साबेराला, म्हणून.

कोणत्या कार्याला, ते सांगावं लागलं नाही; तिच्या स्वतःच्याच उत्तरकार्याला. या भागात लग्न असो की उत्तरकार्य, जावई, भाचे, व्याही यांना टॉवेल-टोपी द्यायची, तो मान. टॉवेल कोरा पाहिजे. दुकानाची घडी, वर कागदाची पट्टी, प्लास्टिकची पिशवी. तो कोणी फोडत नाही. पेटीत ठेवतो आणि पुढच्या कार्यात पुढच्याला देतो. जिजीनं तरणी असताना एकदा गंमत म्हणून एका टॉवेलच्या कोपऱ्याला कुंकवाचा ठिपका लावून तो मुक्ताईनगरच्या व्याह्यांना दिला होता. काही वर्षांनी तो ठिपक्यासकट घरी परत आला. "गावेगाव हिंडना," जिजी सांगायची, "पन एक मानूसनं अंग पुसं नही तेनी. असा मान काय कामना?" आणि मग, बोट साबेराकडे करून, "जो अंग पुसस, तेना मान पहिला."

सुनंदाबाईनं जिजीच्या तळहातावर हात ठेवला होता. तिच्या लेखी शब्द देणं आणि व्रत घेणं यांत फरक नव्हता. सोमवार धरलेला, एकादशी धरलेली, आणि रोजचं एक मौन: सकाळी अंघोळ झाल्यापासून देवापुढे दिवा लागेपर्यंत बोलायचं नाही. या सगळ्यात आणखी एक.

दुपारी दुपारी ती विणू लागली. टॉवेल पेटीत पडू लागले. जिजी खाटेवरून विचारायची, "भरनी का वं पेटी? भरनी की मी जास." त्या दिवसापासून सुनंदाबाईचा हात उगीचच मंदावला. कधी चांगली आलेली वीणही तिला चुकलेली वाटे, आणि ती उसवून टाकी. पण पेट्या भरतातच.

जिजी गेली. शेवटची अंघोळ सुनंदाबाई आणि साबेरा दोघींनीच घातली, आणि अंग पुसलं ते मशीनवरच्या त्या पहिल्या टॉवेलानं.

उत्तरकार्याच्या आदल्या दिवशी सकाळी अभिमननाना टॉवेलांचा गठ्ठा घेऊन अंगणात शिरले, तर समोर चुलीवर पाण्याचं भगोणं खदखदत होतं आणि सुनंदाबाई मशीनवरचे टॉवेल एकेक करून दगडावर आपटत होती. तेही मागच्या दारी नाही. पुढच्या अंगणात, रस्त्याकडे तोंड करून.

"काय करू राह्यली तू हे?"

तिनं पदर सारखा केला आणि टॉवेल पिळला.

"मी विचारू राह्यलो, हे काय हाये?"

टॉवेल झटकला. चार थेंब नानांच्या धोतरावर उडाले. सुनंदाबाईचं मौन होतं. सुतकात देव्हारा बंद असला तरी जिजी गेली त्या जागेवरचा दिवा होता, आणि त्यात आज अजून वात पडलेली नव्हती.

"समाधान! अरे समाधान, तुझी बायको बहिरी झाली का?"

समाधान, तिचा नवरा, पडवीत बसला होता. नाव तसा गडी. केळीच्या गाडीवर हमालानं चार घड कमी चढवले तरी त्याचा आवाज चढत नसे. "दिवा लागू दे नाना," तो म्हणाला, "मग बोलेल."

दिवा लावून सुनंदाबाई बाहेर आली. तिचा आवाज मुळातच असा की ऐकणाऱ्यानं थोडं पुढे वाकावं. "जिजींनी धुऊन द्यायला सांगितलंय, नाना."

"धुतलेलं कापड कोनाले देतात, ठाऊक हाये? मागत्याले! तुझा धुळ्याचा नणंदोई जितेंद्र, तो ताटावरून उठून जाईन. सोयऱ्यात तोंड दाखवायला जागा राहनार नही."

"कोरं कापड पाणी पीत नाही, नाना."

"प्यायचं कोनाले हाये? द्यायचं हाये!"

सुनंदाबाई टॉवेल दोरीवर टाकत राहिली. रस्त्यानं जाणारे सायकलवरून वळून पाहत होते. दुपारपर्यंत गल्लीत झालं की समाधानची बायको पाहुण्यांना उतरलेले कपडे वाटणार. एक काकू तर जुनं लुगडं आहे का, म्हणून विचारून गेली.

संध्याकाळी नाना भावकीतले दोघेतिघे घेऊन आले. आता सूर मऊ होता. "हे पाहा सुनंदा. तुझीही इज्जत राहीन आन आमचीही. इस्तरी मार, पिशवीत घाल, वर पट्टी लाव. धुतले म्हनून सांगायचं नही. कोनाले कळनार?"

"खोटं कसं बोलू? आज सोमवार आहे माझा."

"मंगळवार असता तर बोलली असती का?"

"नसते."

भावकीतला एक जण खुदकन हसला आणि नानांनी पाहिल्यावर खोकला. नाना उठून उभे राहिले. "मंग ऐक. मान मानसं देतात, बाया देत नाहीत. उद्या माझा गठ्ठा मी वाटनार."

"वाटा," सुनंदाबाई म्हणाली. "टोपीही तुम्हीच घाला. पण टॉवेल मी देईन, माझ्या हातानं. ज्याला घ्यायचा त्यानं घ्यावा. जो घेणार नाही, त्याचं नाव घेऊन त्याचा टॉवेल मी जिजींच्या फोटोपुढे ठेवीन. पंगत उठेपर्यंत तिथेच राहील. येणारा जाणारा पाहील."

ती हे इतकं हळू बोलली की मागच्याला ते पुढच्याकडून विचारून घ्यावं लागलं. विचारून घेतल्यावर मात्र फोटोपुढे आपल्या नावाचा टॉवेल पडलेला, हे ज्यानं त्यानं मनात पाहिलं.

"समाधान," नाना म्हणाले, "तू काही बोलशीन का?"

समाधान उठला. दहाव्याला उतरवलेलं त्याचं डोकं चकचकत होतं, त्यावर घाम आला होता. तो अंगणात गेला, दोरीवरचा एक टॉवेल ओढला, आणि सगळ्यांसमोर डोकं पुसलं, मान पुसली, मग तोच टॉवेल खांद्यावर टाकून परत येऊन बसला.

"ओला आहे अजून," सुनंदाबाई म्हणाली.

"चालतो," समाधान म्हणाला. "माझा मान मला मिळाला, नाना. उद्या मला नका धरू हिशेबात."

नाना पायात चपला सरकवून निघाले. जाताना गठ्ठा मात्र पडवीतच ठेवून गेले, उद्यासाठी.

सकाळी मांडववाले आले, आचारी आला. धुळ्याची गाडी आली. तीतून नणंद कामिनी उतरली, मागून जितेंद्रराव. सुनंदाबाईची अंघोळ झाली होती. दोरीवरचे टॉवेल काढून तिनं घड्या घातल्या, पट्टी नाही, पिशवी नाही. परात भरली. कामिनीनं एक उचलून गालाला लावला, नवऱ्याकडे पाहिलं, आणि तो त्याच्या नावानं बाजूला ठेवला. जितेंद्ररावांनी अजून तो हातात घेतला नव्हता.

"चल, जावईबापूंपासून सुरू कर," नाना मांडवातून म्हणाले. रात्रभरात त्यांनी एवढं गिळलं होतं. "द्यायचे तर दे. पन पहिला मान जावयाचा."

सुनंदाबाईनं परातीतला सगळ्यात वरचा टॉवेल घेतला. नाना वाट पाहत होते, जितेंद्ररावांनी नकळत हात किंचित पुढे केला होता. ती दोघांच्या मधून गेली. जिजीच्या जागेवरची समई अजून लावलेली नव्हती. सुनंदाबाई परत येऊन ती लावणार होती.

"आता कुठं चालली?" नाना ओरडले. "सुनंदा! अगं पाहुणे..."

तिचं मौन होतं. टॉवेल दोन्ही हातांवर आडवा धरून ती अंगणातून रस्त्यावर उतरली आणि मागच्या गल्लीकडे वळली, जिथे सकाळच्या उन्हात साबेरा दारात बसून कापूस मोकळा करत होती.